बाजूला कोण?

दौलत लोकेनं लालबाग, काळाचौकी आणि कॉटन ग्रीन या भागातली इतकी माणसं बदलापूरच्या पुढं नेऊन वसवली होती, की तिकडच्या टपरीवर त्याच्याकडून चहाचे पैसे कुणी घेत नसे. चहा देणारा टपरीवालाही मूळचा काळाचौकीचाच. त्यालाही दौलतनंच नेलं होतं. मात्र स्वतः दौलत तिकडं एकही रात्र झोपला नव्हता. रविवारी सकाळी बिल्डरच्या बसमधून माणसं घेऊन जायचं, संध्याकाळी परत यायचं आणि धनजी निवासच्या दुसऱ्या माळ्यावरच्या आपल्या खोलीत नलूच्या हातचं जेवून पंख्याखाली आडवं व्हायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

"तू का नाही रे घेत तिकडं?" असं कुणी विचारलंच, तर तो म्हणे, "मिठाईवाला कधी मिठाई खातो का?" यावर समोरचा मान डोलावत असे. लालबागचे सगळे मिठाईवाले पोटावरून पाहता नियमित मिठाई खात होते, पण हे कुणाच्या लक्षात येत नसे.

दौलतचे वडील गणपत लोके गिरणीत साच्यावर कापड विणायला होते. गिरणी बंद पडली, तसे ते गॅलरीत स्टुलावर बसले आणि पुढची अनेक वर्षं तिथंच बसून राहिले. दौलत कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कारकून होता. मग ते गोदामही बंद झालं. घरात आता दोन स्टुलं लागणार असं दिसत असतानाच एका बिल्डरचा माणूस चाळीत आला. त्याला या भागातली माणसं ओळखणारा कुणीतरी हवा होता.

"मला घरातलं काही कळत नाही," दौलत म्हणाला.

"घरं आमच्याकडं आहेत," तो माणूस म्हणाला. "माणसं नाहीत."

वसाहतीचं नाव नीलसागर नगरी. त्यातलं नील वर आकाशात होतं आणि सागर म्हणाल तर तो लालबागेहून जवळ पडायचा. जाहिरातीच्या कागदावर पत्ता 'बदलापूर' असा छापलेला असे. प्रत्यक्षात बदलापूर मागं पडून बराच वेळ झाला, बसमधल्या म्हाताऱ्या 'आलं का रे?' असं तिसऱ्यांदा विचारू लागल्या, की नीलसागर यायचं.

पहिलं वर्षभर दौलतनं एकही घर विकलं नाही. तो लिफ्ट, बाग आणि मोकळ्या हवेबद्दल बोलायचा. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि 'बघू' म्हणायचे. लालबागेत 'बघू' म्हणजे नाही, हे त्याला इतरांपेक्षा आधी कळायला हवं होतं, कारण तो स्वतः आयुष्यभर तेच म्हणत आला होता. रविवारची बस मात्र गच्च भरे. लोकांनी तिची सहल करून टाकली होती. बायका डब्यात घावनं आणि चटणी घेऊन येत, पोरं बिल्डरच्या वाळूच्या ढिगावर खेळत, आणि परतताना सगळ्यांच्या पिशव्यांत तिकडची स्वस्त भाजी असे. घर सोडून सगळं विकत घेतलं जाई.

मग एक गोष्ट घडली. चिवडा गल्लीमागच्या एका चाळीत लक्ष्मीबाई नावाच्या बाई राहायच्या. मुलाच्या लग्नासाठी जागा हवी म्हणून त्यांनी नीलसागरमध्ये घर घेतलं. दौलतला यात आपलं कौशल्य दिसलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्याच गॅलरीतल्या माणसांनी एकेक करून येऊन त्याच्याकडं चौकशी केली, तेव्हा तो विचारात पडला. ही मंडळी लिफ्टबद्दल विचारत नव्हती, बागेबद्दल विचारत नव्हती. लक्ष्मीबाईंच्या इमारतीत काही शिल्लक आहे का, एवढंच विचारत होती. दौलत त्या चाळीत जाऊन उभा राहिला. लक्ष्मीबाईंच्या बंद दारापुढची जागा स्वच्छ होती, आणि त्याला आठवलं, की पूर्वी इथून जाताना दुसऱ्यांच्या चपलांवरून उडी मारावी लागायची.

त्या दिवसापासून दौलतची पद्धत ठरली. चाळीत शिरलं, की तो कुणाशी काही बोलायचा नाही. गॅलरीच्या टोकाला उभा राहून दारापुढच्या चपला बघायचा. ज्या दारापुढं परक्यांच्या चपला सगळ्यात जास्त, त्या घरातलं माणूस म्हणजे त्या चाळीचा खुंटा. बाकीची चाळ त्याला बांधलेली, फक्त दावं कुणाला दिसत नाही. मग दौलत बाकी सगळ्यांना सोडून देई आणि त्या एका माणसाच्या मागं लागे. खुंटा एकदा हलला, की उरलेली घरं आपोआप विकली जात.

यात त्याची चूक झाली नाही असं नाही. एका चाळीत चपलांचा भलामोठा ढीग बघून त्यानं तिथल्या मंडळाचे अध्यक्ष हितेंद्र यांना गळाला लावलं. पुढचे दोन महिने घाम गाळून त्यांना नीलसागरला पोचवलं. नंतर समजलं, की त्या चपला वर्गणीचा हिशोब मागायला आलेल्या लोकांच्या होत्या. अध्यक्ष गेले त्या संध्याकाळी चाळीनं पेढे वाटले आणि मागोमाग कुणीही गेलं नाही. तेव्हापासून दौलत चपला सोडलेल्या कशा आहेत तेही पाहू लागला. भांडायला आलेला माणूस चपला दाराकडं तोंड करून सोडतो. बसायला आलेल्याच्या चपला कशाही पडलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट त्याला अनुभवानं कळली होती. घर बघायला आलेला माणूस आधी पाणी विचारतो, मग रिक्षा, मग शाळा, मग दवाखाना. दौलत सगळ्याची उत्तरं देई आणि कशाचाही उपयोग होत नसे. पण बसमध्ये चढता चढता, एक पाय पायरीवर असताना, माणूस वळून विचारतो, "बाजूला कोण आहे?" हा प्रश्न आला, की दौलत पुढं काही बोलत नसे. घर विकलं गेलेलं असे.

अशा रीतीनं नीलसागर भरलं. ए विंगमध्ये चिवडा गल्ली, बी विंगमध्ये काळाचौकी, सी विंगमध्ये नायगाव आणि परळ मिळून. डी विंगमध्ये विदर्भ, खानदेश आणि उत्तरेकडून आलेली मंडळी, ज्यांच्याशी पहिलं वर्ष कुणी बोललं नाही आणि दुसऱ्या वर्षापासून ज्यांच्याशिवाय कुणाचं पान हलेना, कारण प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि दूधवाला तिघंही डी विंगचे होते. म्हातारे लोक चाळीची खोली विकून आले होते. पण खरी भरती तरुणांची. मुलीकडचे 'मुलाची स्वतःची जागा आहे का?' असं विचारतात, म्हणून लग्नाआधी घर घेणारे. मोरीवरून जावेशी भांडण झालं, म्हणून लग्नानंतर घेणारे. ही मंडळी दिवस उजाडायच्या आत मुंबईला कामावर निघून जात. त्यामुळं दिवसा नीलसागरमध्ये म्हाताऱ्या, पोटुशा बायका, रांगती मुलं आणि कुत्री एवढीच लोकसंख्या असे. मुलं इतकी, की बिल्डरनं काढलेली ती प्रसिद्ध बाग अखेर दोऱ्या बांधून लंगोट वाळत घालायला दिली गेली.

दौलतला हे सगळं माहीत होतं. तो संध्याकाळी जेवताना नलूला सांगायचा. नलू ऐकायची, भात वाढायची.

दौलतचा एकच नियम होता. धनजी निवासमध्ये धंदा करायचा नाही. आपल्या चाळीतल्या माणसाला घर विकायचं नाही, बसमध्ये घ्यायचं नाही, जाहिरातीचा कागदसुद्धा द्यायचा नाही. चाळीत त्याला या तत्त्वाबद्दल मोठा मान होता. सत्यनारायणाला एकदा त्याचा नारळ देऊन सत्कारही झाला होता. खरं कारण तत्त्व वगैरे काही नव्हतं. दौलतला भीती वाटायची. खुंटा हलला, की चाळीचं काय होतं ते त्यानं इतक्या ठिकाणी पाहिलं होतं, की आपल्या गॅलरीत तसलं स्वच्छ दार बघायची त्याची हिंमत नव्हती. त्याला आणि नलूला मूल झालं नव्हतं. त्याबद्दल दोघं कधी फार बोलले नाहीत. त्यांना चाळ होती, आणि ती पुरत होती.

नियमाचा परिणाम इतकाच झाला, की धनजी निवासमधल्या पोरांनी लग्नं ठरल्यावर दुसऱ्या एजंटांकडून घरं घेतली. पण थोरली मंडळी जागची हलली नाहीत, आणि दौलतला तेवढं बस होतं.

मग वैभव आला. वैभव पूर्वी दौलतच्या हाताखाली होता. चपलांचं शास्त्र दौलतनंच त्याला शिकवलं, कारण माणसाला आपली हुशारी कुणाला तरी सांगावीशी वाटतेच. पोरगा चलाख निघाला आणि स्वतंत्र झाला. तरी तो दौलतला विसरला नाही. पंधरा-वीस दिवसांनी धनजी निवासमध्ये यायचा, दौलतच्या खोलीत बसायचा, नलूच्या हातचा चहा प्यायचा. "दौलतकाका, तुमच्यामुळंच आहे सगळं," असं म्हणायचा. दौलतला ते आवडायचं.

एका संध्याकाळी मात्र वैभव जायला निघाला आणि गॅलरीच्या टोकाला थबकला. मागं वळून त्यानं डावीकडून उजवीकडं पार सगळ्या दारांवरून नजर फिरवली. ती नजर त्याची स्वतःची होती.

"काय रे, काय बघतोस?"

"काही नाही काका. चाळीला रंग काढायला झालाय," वैभव म्हणाला आणि जिना उतरला.

दौलत कामाला लागला. रविवारची बससुद्धा त्यानं सोडून दिली आणि चाळीवर लक्ष ठेवत तो घरीच थांबू लागला. पोरगा कुणाला उचलणार, हे आधी शोधायला हवं होतं. त्याच्या हिशोबानं दोनच नावं निघत होती. एक अप्पा, सगळ्यात म्हातारे, शनिवारच्या भजनाचे बुवा. दुसऱ्या सीमाताई, ज्यांच्याकडं आजूबाजूच्या तीन चाळींतली पोरं शिकवणीला येत. दोघांच्याही दारापुढं चपला होत्या, आणि कशाही पडलेल्या होत्या.

ज्यानं उभ्या आयुष्यात नीलसागरबद्दल वाईट शब्द काढला नव्हता, तो दौलत आता तिथल्या उणिवा सांगत फिरू लागला. सीमाताईंना त्यानं सांगितलं, की तिकडं डास फार. सीमाताई म्हणाल्या, इकडं काय कमी आहेत का? त्यानं सांगितलं, की तिकडचे मोठे असतात. मग तो अप्पांकडं गेला. अप्पा मालवणीशिवाय दुसरं काही बोलत नसत.

"अप्पा, तिकडं पाण्याचे लय वांधे हत."

"गेल्या वर्सा माझ्या मेवण्याक तू काय सांगलंस? चोवीस तास पाणी येता म्हणान."

"येता ना. चोवीस तास येता," दौलत म्हणाला. "एक दिस सोडून एक दिस."

अप्पांनी हातातले टाळ खाली ठेवले. "आणि माका ह्या कित्याक सांगतंस? मी खय चाललंय?"

दौलत समाधानानं परत आला. त्यानं अप्पांचं भजन मोठं व्हावं म्हणून नवा पखवाज आणून दिला आणि सीमाताईंच्या शिकवणीला स्वतःच्या खर्चानं फळा लावून दिला. खुंटे पक्के ठोकले, असं त्याला वाटलं.

याच सुमारास प्रितीचा फोन आला. प्रिती धनजी निवासचीच, तळमजल्यावरची. तिची आई ती शाळेत असतानाच वारली, आणि तिची वेणी-फणी नलूनंच केली. लग्न करून ती वरदबरोबर नीलसागरच्या बी विंगमध्ये राहायला गेली होती. आता ती बाळंत झाली होती, सासू गावाला गुडघे धरून बसली होती, आणि घरात बाळाला पायावर घ्यायला कुणी नव्हतं.

"जाऊन येते सव्वा महिना," नलू म्हणाली.

"जा की," दौलत म्हणाला. "आपलीच पोर आहे."

नलूनं बाळंतशोपा, वावडिंग, डिंक, अळीव आणि घुटीची सहाण पिशवीत भरली. या कामात तिचा हात धरणारं अख्ख्या गल्लीत कुणी नव्हतं. बाळंतिणीला तेल लावायचं, शेक द्यायचा, बाळाला पाय पसरून पायावर घ्यायचं, न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, दुपट्यात गुंडाळून झोपवायचं. धनजी निवासमधली एक अख्खी पिढी तिच्या पायांवरून गेली होती. पिशवी बांधता बांधता ती म्हणाली, "या चाळीत मी शेवटचं बाळ न्हाऊ घातलं, त्याला आता मिश्या आल्यात."

दौलतनं ते ऐकलं. पण तो त्या वेळी सीमाताईंच्या फळ्याला खिळे शोधत होता.

सव्वा महिना झाला. नलूनं फोन केला, की प्रितीच्या वरच्या मजल्यावरची पोरगी अडली आहे, तिची आईही इथं नाही, मी आठ दिवसांनी येते. मग सी विंगमध्ये जुळी झाली. मग डी विंगमधल्या एका बाईचं पहिलंच बाळंतपण, तिला मराठी येत नव्हतं आणि नलूला तिची भाषा येत नव्हती, पण बाळाला दोन्ही येत नसल्यानं अडचण आली नाही. दर फोनला परत यायची तारीख पुढं सरकत होती, आणि मागं ऐकू येणारं रडणं दर फोनला निराळ्या आवाजाचं असायचं. दौलत म्हणायचा, "सावकाश ये." सीमाताई त्याला कालवण पाठवत. त्याचं बरं चाललं होतं, असं तो सगळ्यांना सांगत होता.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी तो दार उघडं टाकून घरातच बसला होता. कुणी येईल म्हणून त्यानं चहाचं आधणही थोडं जास्त ठेवलं. एरवी तो आत नलूशी बोलत असतानासुद्धा या घरात नेहमी दोन-चार माणसं असत. बाहेर जाताना चपलांतून पाय टाकायला जागा नसे आणि दौलत दरवेळी कुरकुरत त्या पायानं बाजूला सारी. ही माणसं आपला सल्ला घ्यायला येतात, असं त्याचं मत होतं. त्या दुपारी कुणी आलं नाही. चहा त्यानं एकट्यानंच दोनदा प्यायला. संध्याकाळी तो खाली पान खायला गेला आणि जिना चढून वर आला, तेव्हा सवयीनं गॅलरीच्या टोकाला थांबला आणि दारांकडं पाहू लागला.

अप्पांच्या दारापुढं भजनी मंडळाच्या चपला होत्या. सीमाताईंच्या दारापुढं पोरांच्या. त्यानंतर एक दार सताड उघडं होतं, आत दिवा लागलेला, पंखा फिरत होता, आणि त्याच्यापुढची फरशी पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होती.

ते आपलं दार आहे, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. आयुष्यभर त्यानं सगळ्या लालबागची दारं अशीच गॅलरीच्या टोकावरून, या अंतरावरून वाचली होती. स्वतःच्या दाराकडं मात्र तो नेहमी आत शिरायच्या घाईत आला होता. माणसं नलूकडं येत होती. तिच्याजवळ बसून पोटातलं बोलत होती, आणि जाताना दाराशी "काय दौलत, बरं ना?" एवढं त्याला विचारत होती. ते त्याला सल्ला मागणं वाटायचं. वैभव पंधरा-वीस दिवसांनी येऊन कुठं बसत होता आणि कुणाच्या हातचा चहा पीत होता, तेही त्याला आता आठवलं. दौलतला तिथं उभ्या उभ्या फार एकटं वाटलं. त्यानं चपला काढल्या आणि दारापुढं ठेवल्या. एका जोडानं काही फरक पडला नाही.

त्यानं वैभवला फोन लावला.

"प्रितीला घर तू दिलंस?"

"हो काका."

"नलूला बोलाव, असं तिला तू सुचवलंस?"

"हो," वैभव म्हणाला. त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. "तुम्हीच शिकवलंत ना. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. "दौलत," ते म्हणाले, "त्या तुझ्या नीलसागरात एखादी खोली मेळात काय रे? नलू थयसरच रवतली म्हणतत. सीमापण इचारी होती. डास मोठे आसले तरी चलतीत म्हणता."

दौलत शर्ट घालू लागला. येत्या रविवारी तिकडं जायचं, नलूला घेऊन यायचं आणि विषय मिटवायचा, असं त्यानं ठरवलं. पुढं काय होतं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. नलू परत आली, तर चाळ राहील. नाही आली, तर दिवाळीपर्यंत या गॅलरीत त्याचं एकट्याचं स्टूल उरेल.

रविवारी तो बसमध्ये बसला. ड्रायव्हरशेजारची त्याची नेहमीची जागा सोडून मागं, खिडकीशी. त्यानं सोडलेल्या जागी, पुढं उभा राहून आता वैभव बोलत होता. हवा, डोंगर, शाळा, पाणी. दौलतला त्यातलं वाक्य न् वाक्य पाठ होतं. तरी तो ऐकत होता, आणि आपण हे इतकी वर्षं बरं सांगत होतो, असं त्याला वाटलं. शेजारी बसलेल्या बाईंनी त्याला डब्यातलं घावन दिलं आणि विचारलं, "तुम्हीपण बघायलाच चाललात?"

"नाही," दौलत म्हणाला. "आणायला चाललोय."

बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर प्रितीचं दार शोधावं लागलं नाही. लिफ्टचं दार उघडलं, तोच चपला सुरू झाल्या. बायकांच्या, पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या, ए विंगच्या, डी विंगच्या, कशाही पडलेल्या. भांडायला आलेला एकही जोड नव्हता. दौलतनं आपल्या चपला काढल्या आणि त्यांच्यात सोडल्या. मागं वळून पाहिलं, तर त्या कुठल्या ते लगेच सापडेनात.

नलू न्हाणीघरात पाटावर पाय पसरून बसली होती. पायांवर एक लालबुंद बाळ पालथं पडून ओरडत होतं. दाराशी दोन तरुण बाया कसं न्हाऊ घालतात ते शिकायला उभ्या होत्या. नलूच्या केसांना पिठाचा हात लागला होता आणि लुगड्याचा काठ भिजला होता. तिचा चेहरा त्यानं असा फार वर्षांत पाहिला नव्हता. वाक्य तो बसमध्येच जुळवून आला होता. 'नलू, पुरे झालं, घरी चल.' आता तो त्या दोन बायांच्या मागं उभा राहून बघू लागला.

"आलात? बसा," नलू म्हणाली. "एवढं आटोपते."

बाळ झोपलं, तशी ती हात पुसत बाहेर आली. चहा झाला. प्रितीनं पोहे दिले. नलूनं त्याचं पथ्य, त्याचं बीपी, अप्पांचा खोकला सगळं विचारलं. कधी येतेस, असं त्यानं विचारलं नाही, आणि ती बोलली नाही. मग तिनं कनवटीची किल्ली काढली.

"जरा या इकडं. वैभव किल्ली ठेवून गेलाय, बाजूचं बघून घ्या."

प्रितीच्या भिंतीला भिंत लागून असलेलं दार तिनं उघडलं. रिकामं घर. एक खोली, स्वयंपाकघर, भिंतीला अजून रंगाचा वास. नलू पुढं झाली आणि खिडकी उघडली.

"ही हवा बघा," ती म्हणाली. "इथून डोंगर दिसतो. पावसात हिरवागार होतो. दिवसभर ऊन येतं, पण अंगावर येत नाही."

हे शब्द दौलतचे होते. इतकी वर्षं संध्याकाळी जेवताना तो ते म्हणून दाखवायचा आणि ती भात वाढायची. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. डोंगर होता. तो नेहमीच होता, पण दौलत दरवेळी त्याच्याकडं पाठ करून माणसांकडं तोंड करून उभा असायचा.

"पाणी?" त्यानं विचारलं.

"चोवीस तास येतं."

दौलतनं मान डोलावली. त्याचा अर्थ त्याला माहीत होता.

"रिक्षा?"

"गेटाशी."

"दवाखाना?"

"खालीच आहे. डॉक्टर काळाचौकीचा."

तो स्वयंपाकघरात जाऊन आला. मोरीचा नळ सोडून पाहिला. ओट्यावर हात फिरवला. खाली बसचा हॉर्न वाजला, आणि परत निघालेल्या मंडळींचा, त्यांच्या भाजीच्या पिशव्यांचा गलबला वर ऐकू येऊ लागला. दौलत दाराकडं निघाला. नलू खिडकीशीच उभी होती. भिंतीपलीकडं बाळ जागं झालं आणि रडू लागलं, तसं तिचं लक्ष तिकडं गेलं, पण ती लगेच गेली नाही. त्याच्याकडं बघत थांबली.

एक पाय उंबऱ्याबाहेर असताना दौलत वळला.

"बाजूला कोण आहे?" त्यानं विचारलं.

"मी," नलू म्हणाली.

दौलत पुढं काही बोलला नाही.